शॉप अॅक्ट झाला, पण खोलीत कोण आहे?

प्रश्न: राजारामपुरीत घराच्या तळमजल्यावर मी पाळणाघर चालवते. 16 मुलं आहेत, त्यांतली 9 तीन वर्षांखालची. मी, एक मावशी आणि सासूबाई मिळून सांभाळतो. शॉप अॅक्ट आणि उद्यम नोंदणी झाली आहे. आणखी कोणता परवाना लागतो? फ्रँचायझी घ्यावी का? ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही’ अशी पालकांची सही मी घेतेच. परवा एक मूल पायरीवरून पडलं, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून झोप नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत परवान्याचं, पण झोप उडाली आहे ती त्या पायरीमुळे. मूल पडलं तेव्हा खोलीत कोण होतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आधी कागद. तुमच्यासारखे मोजकेच कामगार असतील तर शॉप अॅक्ट म्हणजे कामगार खात्याला दिलेली ऑनलाइन सूचना. मुलं किती आणि सांभाळणाऱ्या किती, हे ती घेताना कुणी पाहत नाही. उद्यमचंही तेच. जेवण शिजवून देत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा. घराचा वापर बदलला आहे, तेव्हा महापालिकेच्या घरफाळा विभागालाही कळवा. फ्रँचायझी नको, तिथं पाटी मिळते, माणूस मिळत नाही.

आता माणसांचं. सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात 25 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असते. दुसरा हिशेब कंपन्यांचा: 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावीच लागते. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अशा पाळणाघरांसाठी केंद्राने 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, त्यावरच्या 20 मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. त्या तुमच्या घरगुती पाळणाघरासाठी काढलेल्या नाहीत. पण उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर समोरचा वकील हीच फूटपट्टी पुढे करील. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याची मुलं करारानं घेणार असाल, तर आजच या हिशेबाने चाला.

तुमच्या मुलांना या हिशेबाने तीन बायका लागतात. कागदावर तुम्ही तिघी आहात. पण दुपारी साडेबाराला काय होतं ते पाहा. मावशी वरणभात करत असतील, तुम्ही शाळेतून मुलं आणायला रिक्षात असाल, तर नऊ तान्ह्या-रांगत्यांसह सगळा पसारा सासूबाईंवर. त्यांचे गुडघे दुखत असतील, तर पायरीकडे धावणाऱ्या मुलाला त्या गाठणार कशा? पाळणाघरं बुडतात ती इथंच. स्वयंपाक करणारी आणि ने-आण करणारी त्या वेळेपुरती मोजायची नाही. मावशी गावी गेली, तर बदली बाई आधीच ठरलेली हवी. कोण किती वाजता खोलीत होतं, याची वही रोज लिहा. नव्या बाईची पोलीस पडताळणी केल्याशिवाय तिच्या हाती मूल देऊ नका.

कॅमेरे जरूर लावा, पण माणसाऐवजी नव्हे. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, टळली नाही.

त्या सहीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 खाली, मुलांची जबाबदारी घेतलेली संस्था चालवणाऱ्याने किंवा तिच्या कर्मचाऱ्याने जाणूनबुजून हेळसांड केली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकांच्या सहीने फौजदारी गुन्हा पुसला जात नाही. उलट, धोका तुम्हाला ठाऊक होता, याचाच तो पुरावा ठरू शकतो. तो मजकूर काढा. त्याजागी मुलाचा रक्तगट, डॉक्टरांचा नंबर आणि मुलाला नेण्याची परवानगी कुणाला, हे लिहून घ्या.

पायरीला उद्याच फाटक बसवा आणि या महिन्यात एक बाई वाढवा. पगार परवडत नसेल तर फी वाढवा. तेही जमत नसेल तर मुलं कमी करा. माणूस नसताना मूल ठेवू नका.