अदृश्याच्या पाऊलखुणा

पावसाळ्यात महाबळेश्वरास गेलात, तर धुक्यात दहा हातांवरचे झाड दिसेनासे होते. धुके म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा समुदाय होय. हवेतील बारीक कणांचा आधार मिळाला, म्हणजे त्यांवर बाष्प जमून हे थेंब बनतात. येथील ढगांच्या अभ्यासासाठी २०१२ साली महाबळेश्वरी प्रयोगशाळाही सुरू झाली.

१८९४ मध्ये स्कॉटलंडातील बेन नेव्हिस पर्वतावरचे ढग पाहून विल्सन या शास्त्रज्ञास कुतूहल वाटले. त्याने काचेच्या पात्रात कृत्रिम ढग निर्माण केला. १९११ मध्ये त्यास एक नवल दिसले. विद्युत्भारित कण त्या दमट हवेतून गेला, की वाटेतील अणूंतून इलेक्ट्रॉन सुटत; मग त्या अणूंवर थेंब जमून शुभ्र रेषा उमटे. कण दिसला नाही. त्याची वाट दिसली!

आजही हेच सूत्र उपयोगी पडते. जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे यंत्र आहे. त्यात प्रोटॉनांची टक्कर घडवितात, तेव्हा नवे कण जन्मतात. त्यांचा माग काढणारी उपकरणे टकरीच्या जागेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थराथरांनी रचलेली असतात. आतले सिलिकॉनचे थर भारित कणांची वाट टिपतात; बाहेरचे थर कणांना अडवून त्यांची ऊर्जा मोजतात. अशा एका उपकरणाचा बाहेरील थर घडविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. हिग्ज कण जन्मताच लोपतो. तरीही २०१२ मध्ये मागे उरलेल्या खुणांवरून तो सापडला.

मुलांनो, एखादी गोष्ट दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे म्हणण्याची घाई करू नये. आधी तिच्या पाऊलखुणा शोधाव्या.