एकच रक्तदोष, दोन भाऊ

प्रश्न : आमच्या दोन्ही मुलांना सिकलसेल आहे, थोरल्याला वारंवार कळा येतात, धाकटा धडधाकट. असे का? – एक वाचक, मावला (जि. आदिलाबाद)

उत्तर : बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच दोष उभयतांच्या रक्तात असला, तरी ज्याला वैशाखाच्या उन्हात पाण्यावाचून राबावे लागते किंवा पौषातल्या पहाटे गार पाण्याने स्नान घडते, त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकण्याचा व हाडे ठणकण्याचा संभव अधिक, शिवाय पेशींना असे वाकण्यापासून वाचवणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर कोणात किती टिकते, हाही पुन्हा आनुवंशिक वाट्याचाच मामला. गंमत अशी की, एकेरी वारसा, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलेला दोष, हिवतापापासून बचाव करतो, म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्पिढ्या टिकला. थोरला शेतात राबत असेल, तर त्याच्या शिदोरीबरोबर पाण्याची कळशी भरून द्यावी.