डोंगराचे डोहाळे

माझं माहेर वसमत तालुक्यातलं, सासर औंढा नागनाथजवळचं. दोन्हीकडं फाल्गुन म्हणजे हळदीचा महिना. पाला कापलेला, कंद खणून काढलेले, शेताच्या कडेला हळद शिजत असते आणि तिचा उग्र, ओलसर वास कपड्यांना, केसांना, अगदी भाकरीलाही लागतो. वसंत म्हटलं की मला तो वास आठवतो आणि बांधावरचा पेटलेला पळस.

मागच्या वसंतात मी म्युनिकमध्ये होते आणि मला पाचवा महिना लागला होता. मार्च ते जून या काळात आम्ही दोघं जवळजवळ दर आठवड्याला बव्हेरियाच्या डोंगरांकडं गेलो. त्या चार महिन्यांत जे उमगलं, ते परदेशात पहिलटकरीण असलेल्या एखाद्या पोरीच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते आहे.

१. चालावं, पण बोलता येईल इतकंच.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुला काय करायला आवडतं? मी म्हटलं, चालायला. त्या म्हणाल्या, मग चाल. त्याच संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, “आता कुठं हिंडायलीस माय, गप घरी बस.” सासूबाईंनी तर पायऱ्यासुद्धा मोजून चढायला सांगितल्या. दोन्ही सल्ले मायेचेच होते. त्या दोन्हींमधली वाट मला डॉक्टरीणबाईंच्या एका साध्या खुणेनं सापडली: चढताना शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. नवऱ्यानं याचा नेमच करून टाकला. दर वळणावर तो मला काहीतरी विचारायचा, आणि उत्तर धापेत आलं की पाठपिशवी खाली ठेवायचा.

२. उंची आधी ठरवून निघावं.

जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर त्सुगश्पिट्झं, २९६२ मीटर. पायथ्याच्या आयब्झे तळ्यापासून केबल कार निघते आणि दहाएक मिनिटांत १९४५ मीटर वर नेऊन सोडते. मार्चअखेर आम्ही त्या स्थानकासमोर उभे होतो. आभाळ निळंशार होतं, माणसांची रांग लागली होती, माझंही मन फार ओढत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, अडीच हजार मीटरच्या वर जाऊ नको. तुझ्या शरीराला त्या विरळ हवेची सवय नाही. हिंगोलीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. तिथं वाढलेल्या छातीला इतक्या झटक्यात एवढी उंची झेपवायला लावणं, तेही पोटात दुसरा जीव श्वासासाठी आपल्यावर विसंबून असताना, मला पटेना.

आम्ही वर गेलो नाही. तळ्याला प्रदक्षिणा घातली, सुमारे साडेसात किलोमीटर. बर्फ वितळून आलेलं पाणी काठाशी हिरवं आणि आत गडद निळं दिसत होतं. शिखर दिवसभर पाण्यात उलटं पडलेलं होतं. ते तसं पाहणंही पुरेसं झालं.

३. मुटरपास कायम जवळ ठेवा.

ही एक छोटी पुस्तिका. रक्तगट, तपासण्या, बाळाची वाढ, प्रसूतीची अपेक्षित तारीख सगळं त्यात असतं. घरातून निघताना ती पिशवीच्या वरच्या कप्प्यात गेली पाहिजे आणि सोबतच्या माणसाला तो कप्पा माहीत पाहिजे. डोंगरात काही झालं तर ११२ हा नंबर. मदतीला येणाऱ्या माणसाला आपली भाषा येत नसली तरी ती पुस्तिका वाचता येते.

४. परत फिरायची वेळ चढतानाच ठरवा.

हे मी चुकून शिकले. एप्रिलच्या मध्यावर वाल्खेनझे तळ्याकाठून आम्ही हेर्त्सोगश्टांडची वाट धरली. शिखर १७३१ मीटरचं, म्हणजे उंचीची भीती नव्हती. पिवळ्या पाटीवर चालायचे तास लिहिलेले होते. खाली प्रिम्युलाची पिवळी फुलं, उन्हात बाकावर बसलेले म्हातारा-म्हातारी, असा तो दिवस. पण डोंगरातला एप्रिल खोऱ्यातल्या एप्रिलपेक्षा महिनाभर मागे असतो. उत्तरेकडच्या सावलीच्या वळणावर जुना बर्फ राहिलेला होता, वर वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा. पाऊल टाकलं आणि ते गेलंच. नवऱ्यानं दंड धरला म्हणून मी गुडघ्यावर बसले, पडले नाही. लागलं काही नाही. पण पोटावर हात ठेवून मी बराच वेळ बर्फातच बसून राहिले, आतून हालचाल जाणवेपर्यंत. ती आली आणि मला रडू फुटलं.

नंतर हेबामेनं, म्हणजे सुईणबाईंनी, समजावून सांगितलं. गरोदरपणात शरीर प्रसूतीच्या तयारीनं सांधे सैल करतं, त्यामुळं घोटा लवकर मुरगळतो. शरीराचा तोल पुढं सरकतो. पोटामुळं स्वतःचीच पावलं दिसत नाहीत. आणि हे सगळं चढणीपेक्षा उतरणीला जास्त जड जातं. आपण नेमकं उलटं समजतो. चढताना दम लागतो म्हणून चढणच अवघड वाटते.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी पाळल्या. दोन काठ्या घ्यायच्या. निळ्या खुणेच्या सोप्या वाटाच निवडायच्या. लाल मधल्या अवघडपणाच्या, काळ्या अवघड. आणि वाटेचा निम्मा वेळ सरला की शिखर हाताशी असलं तरी मागं फिरायचं. एप्रिलमध्ये अनेक केबल कार देखभालीसाठी बंद असतात, वरच्या झोपड्यांची दारंही लागलेली असतात. वर पोचून खाली आणणारं कुणी नाही, हे निघण्याआधी बघायला हवं होतं.

५. रानातलं आणि दुधातलं ओळखल्याशिवाय तोंडात घालू नये.

एप्रिलमध्ये म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये झाडांखाली लसणाचा वास सुटतो. बेअरलाउख नावाची रानभाजी असते ती. लोक टोपल्या भरून खुडतात. मला वाटलं, आपण पावसाळ्यात तरोटा, करटुली आणतो तसंच हे. पण तिच्यासारखीच पानं असलेल्या दोन विषारी वनस्पती त्याच मोसमात, त्याच ओल्या जमिनीत उगवतात. वासावरून ओळखावं म्हटलं, तर पहिलं पान खुडल्यावर बोटांनाच तो वास लागलेला असतो, मग प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. मी बाजारातून विकत आणली, धुतली आणि शिजवून खाल्ली.

डोंगरातल्या झोपड्यांवर चीज आणि ताक मिळतं. आपल्याला ताक म्हणजे घरचंच माणूस भेटल्यासारखं. पण कच्च्या दुधाचं चीज गरोदर बाईनं टाळावं, त्यातून लिस्टेरियाचा संसर्ग होऊ शकतो. “रोमिल्श?”, म्हणजे कच्चं दूध का, एवढा एक शब्द विचारायला शिका. कुणालाही राग येत नाही.

आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड बघावी. गवतातून चढते, गुडघ्यामागं, काखेत बसते. आई म्हणाली, “गोचीड म्हशीला असती, माणसाला कशी?” इथं माणसालाही चावते आणि आजार देते. पोटामुळं जिथं आपला हात पोचत नाही, तिथं नवऱ्याला बघायला सांगायचं.

६. डोहाळजेवण कुठंही होतं.

आपल्याकडं डोहाळे पुरवायच्या किती सुंदर रीती आहेत: नावेतले, बागेतले, चांदण्यातले, झोपाळ्यावरचे. जुन्या बायकांना ठाऊक होतं की गरोदर बाईला घराच्या चार भिंतींबाहेरचं आभाळ लागतं. सातव्या महिन्यात चार मराठी मैत्रिणी मला टेगर्नझेला घेऊन गेल्या, म्युनिकहून रेल्वेनं तासाभराच्या वाटेवर. तळ्यातल्या बोटीवर त्यांनी माझ्या केसांत फुलांची वेणी माळली, ओटी भरली. समोरच्या बाकावरच्या बव्हेरियन आजीनं काय चाललंय ते विचारलं आणि ऐकून माझ्या गालावरून हात फिरवला.

मग किनाऱ्यावरच्या बिअर गार्डनमध्ये जेवलो. तिथली जुनी रीत अशी की पेय त्यांचं घ्यायचं, खाणं घरचं आणलं तरी चालतं. आम्ही धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी काढली. डोक्यावर चेस्टनटची झाडं फुललेली. त्या फुलांना इथले लोक मेणबत्त्या म्हणतात. मला ती दीपमाळ दिसत होती.

७. परक्या गावच्या सणाला जावं.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. त्यामुळं घरी हा दिवस महाराष्ट्राचाही आणि जिल्ह्याचाही. इथं त्याच दिवशी गावागावांत माईबाउम, म्हणजे रंगवलेला उंच खांब, उभा करतात. लांब बांबूसारख्या काठ्यांच्या जोड्या लावून पुरुष तो हळूहळू पेलतात, एकाच्या हाकेवर सगळे. वर हिरव्या पानांचं कडं. मला आमच्या अंगणातली गुढी आठवली. त्या गर्दीत कुणीतरी माझ्याकडं बघून न सांगता खुर्ची आणून ठेवली.

८. जे विचारायचं नाही, ते विचारू नका.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, मुलगा की मुलगी, सांगू का? इथं त्या टप्प्यावर ते सांगायला कायद्याची आडकाठी नाही. माझे हात गार पडले. मी ज्या मराठवाड्यातून आले, तिथं हा प्रश्न सहज नसतो. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ मध्ये देशात सगळ्यांआधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. कायदे का करावे लागले, ते माझ्या पिढीच्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. माझ्याच एका मावशीला तीन मुलींनंतर काय काय ऐकावं लागलं, ते मी लहानपणी दाराआडून ऐकलं आहे.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. “नको,” तो म्हणाला, “बाळ सांगेल.” गावाकडून त्यानंतर फोनवर आडून आडून विचारणा झालीच. आम्हाला माहीत नाही, हे उत्तर खरं होतं, म्हणून देताना जीभ अडखळली नाही. ज्या मुलीला इथं कळून घेऊन आनंद वाटेल तिला मी नावं ठेवणार नाही. पण आधी घरातली माणसं डोळ्यांसमोर आणावीत.

९. नवऱ्याला शेजारी चालू द्या.

माझ्या सामानाची पिशवी त्याच्या पाठीवर असायची, कारण कमरेचा पट्टा पोटावर बांधता येत नाही. पहिल्यांदा मला संकोच वाटला. माझ्या गावात बाई डोक्यावर भारा घेऊन पुढं आणि पुरुष मागून मोकळ्या हातानं, हे चित्र इतकं सवयीचं आहे. इथं तो प्रसूतीपूर्व वर्गाला आला, श्वास कसा मोजायचा ते शिकला, प्रसूतीच्या खोलीत माझ्यासोबत राहणार हे त्यानं आधीच सांगून टाकलं. बाळ झाल्यावर आईवडील दोघांनी मिळून रजा घेतली तर सरकारचा पालकभत्ता चौदा महिन्यांपर्यंत मिळतो, त्यातले किमान दोन महिने दुसऱ्या पालकानं घ्यावे लागतात. त्यानं ते घ्यायचं ठरवलं. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, दोन महिने घरी बसून करणार काय? तो म्हणाला, “दादा, बाळ सांभाळणार.” पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “बरं हाय. मला नाही जमलं ते.”

१०. आईला तिच्या बाळंतपणाबद्दल विचारावं.

माझी प्रसूतीच्या आधीची सहा आठवड्यांची रजा जूनमध्ये सुरू झाली आणि आई आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिनं उलटी केली. माहेरच विमानात बसून आलं. पिशवीत डिंक, खारीक, आणि अळीव, बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी जपून बांधलेले. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं छोट्या ट्रेमध्ये उगवलेली केसासारखी हिरवी रोपं पाहिली. क्रेसं म्हणतात त्याला, इथं पावावर कापून घालतात. तिनं एक काडी चावली आणि म्हणाली, “अगं, हे तर अळीव!” खरंच तेच. परक्या देशात तिला तेव्हापासून जरा घरच्यासारखं वाटू लागलं.

त्या आठवड्यात आम्ही तिघं श्लीयरझे तळ्याकाठी गेलो. वाट सपाट, मला चौतिसावा आठवडा. हवा अशी की शाल घ्यावी की काढावी कळत नव्हतं. मधे बाकावर बसलो तेव्हा मी विचारलं, माझ्या वेळी तू कुठं कुठं चालायचीस गं?

ती पाण्याकडं बघत राहिली. मग बोलली. मी पोटात होते तेव्हाही हळदीचेच दिवस होते. आठवा महिना. घरात माणसं कमी, म्हणून ती रोज शेतात जायची, काहिलीखाली जाळ घालायची, शिजलेली हळद वाळत घालायला टोपलीनं वाहायची. येताना विहिरीवरून घागर. “चालले की लई,” ती म्हणाली. “पर अशी बघत बघत नाही चालले कधी.” मला आमच्या भागातल्या तांड्यांवरच्या बायका आठवल्या, दिवस भरत आले तरी कोयता घेऊन उसाच्या फडात जाणाऱ्या. गरोदर बाईनं चालणं ही इथल्या डॉक्टरांनी शिकवलेली गोष्ट नव्हतीच. आमच्याकडं त्या कायम चालत आल्या आहेत. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तुला काय करायला आवडतं?

मी तेच तिला विचारलं. ती हसली, उत्तर दिलं नाही. पाण्यापलीकडच्या हिरव्या डोंगरावर एक पांढरी वाट वर जाताना दिसत होती. बराच वेळ तिची नजर त्या वाटेवर होती.

“तिकडं वरी जाता येतंय का?” तिनं विचारलं.

नवऱ्यानं माझ्या दोन्ही काठ्या उचलल्या, आईच्या उंचीइतक्या लहान केल्या आणि तिच्या हातात दिल्या. मी बाकावर पाय पसरून बसले. ते दोघं हळूहळू वर चढताना मला दिसत होते. पहिल्या वळणावर तो थांबला आणि त्यानं तिला काहीतरी विचारलं.