कर कोणाचा, संमती कोणाची?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांचा एक समज हमखास आढळतो : इंग्रजांनी चहा महाग केला, म्हणून बोस्टनच्या लोकांनी तो समुद्रात फेकला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा वसाहतींत पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. दर पौंडामागे तीन पेन्स कर मात्र कायम होता. स्वस्त चहा मुकाट्याने घेणे म्हणजे आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या लंडनच्या संसदेचा कर बसविण्याचा अधिकार मान्य करणे, हे वसाहतवाल्यांनी ओळखले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या झाल्या, त्या या कारणाने.

हा संघर्ष एका रात्रीत उभा राहिला नव्हता. १७६३ साली फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपले. इंग्लंड कर्जबाजारी झाले होते, शिवाय अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च होता. त्यासाठी १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच काय, खेळायचे पत्तेही कराखाली आले. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, बहिष्कार पडला आणि पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. पण वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला हक्क संसदेने त्याच वेळी वेगळ्या कायद्याने बजावला. भांडण पैशावरून अधिकारावर गेले ते तेथे. पुढे ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा आला.

त्याच १७६५ सालच्या ऑगस्टमध्ये त्याच ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार मिळाला. तेथील रयतेला कोणीही विचारले नाही. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसे अन्नान्न करून मेली, तरी वसुली थांबली नाही. बोस्टनच्या व्यापाऱ्यांजवळ स्वतःची विधिमंडळे व छापखाने होते. बंगालच्या कुळाजवळ काय होते? अन्याय मोठा असला म्हणजे प्रतिकारही मोठाच होतो, असे नाही.

फौजेच्या खर्चाची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून, म्हणजे अखेर मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातल्या शेतसाऱ्यातून. ती देणी थकली म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडसारखा सुपीक मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. शिरड शहापूरच्या परिसरातील शेतकऱ्याला त्याची ना कल्पना दिली गेली, ना त्याची संमती घेतली गेली.

परंतु ‘आमची संमती’ म्हणणाऱ्यांत ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न अमेरिकेनेही टाळला होता. समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते. ती गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडले. बोस्टनच्या घटनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो चहा फेकणाऱ्यांना नव्हे, तर गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. ही निवड अर्थपूर्ण आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी कराचा दुसरा पदर उलगडला : सरकारचे उत्पन्न कष्टकरी रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो. कर कोण घेतो इतकेच विचारून जोतीराव थांबले नाहीत. तो कोणावर खर्च होतो, हेही त्यांनी विचारले. आपल्या निवासी शाळेसारख्या संस्था का काढाव्या लागल्या, याचे उत्तर त्या निवेदनात सापडते.

बाबासाहेब आंबेडकर हा धागा घेऊन न्यूयॉर्कला गेले, असे म्हटले तरी चालेल. कोलंबिया विद्यापीठ मूळचे राजाच्या सनदेने स्थापन झालेले ‘किंग्ज कॉलेज’. स्वातंत्र्यानंतर १७८४ मध्ये त्याचे नाव बदलले. तेथे १९१५ साली एम. ए. साठी बाबासाहेबांनी विषय निवडला ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार! प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण कराचा सर्वांत कडू प्रकार कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. महार वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाने गावाची व सरकारची रात्रंदिवस चाकरी करणे. तो देहाने भरायचा करच होता. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे सरकारने या जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरच्या परिषदेत त्यांनी त्या वाढीविरुद्ध आवाज उठविला. वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

दरम्यान १९१९ च्या सुधारणांनी मतदानाचा हक्क मुख्यतः सारा, प्राप्तिकर वा मालमत्ता यांवर बेतला होता. बोस्टनचे सूत्र येथे उलटे झाले : कर नाही, तर प्रतिनिधित्व नाही. ज्याच्याजवळ जमीनच ठेवली नाही, त्याला मतही नाही. म्हणून बाबासाहेबांनी सायमन आयोगाच्या कामकाजात, १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, प्रौढ मतदानाचा आग्रह धरला. त्या काळी पुष्कळ सुशिक्षितांनाही ती मागणी अकाली वाटत होती.

संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आणि ३२६ व्याने प्रत्येक प्रौढास मत दिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटलेल्या आपल्या भागातील माणसे १९५२ च्या निवडणुकीत रांगेत उभी राहिली, तेव्हा शेतसाऱ्याची पावती त्यांना कोणी विचारली नाही.