केजुबाईचा बंधारा

मुलांनो, उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. 'नाव' मात्र दोन्हीकडे एकच!

पवना नदी सह्याद्रीत उगम पावते व दापोडीजवळ मुळेला मिळते. वाटेत थेरगावला केजुबाई बंधारा आहे. बंधाऱ्याने पाणी अडते, खोल व संथ होते. म्हणून महानगरपालिकेने येथे नौकाविहारासाठी बोट क्लब उभारला.

पण संथ पाण्यात जलपर्णीही वाढते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाणी हेच तिचे खत. ती दाट पसरली, की वल्हे चालत नाही. पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. काढून टाकली, तरी ती पुन्हा वाढते. नदीत सांडपाणी जाणे थांबले, तरच नाव चालेल.

प्रश्न : बंधाऱ्याजवळ जलपर्णी का वाढते?