दोन भावांचें ओझें

पनवेलच्या बाजारांतून दोन भावांना तांदळाच्या पांच पिशव्या घरीं न्यावयाच्या आहेत अशी कल्पना करा. वजनें ८, ७, ६, ५ व ४ किलो. दोघांच्या ओझ्यांतील अंतर शक्य तितकें कमी कसें राहील? प्रश्न सोपा भासतो. परंतु भावांची अदलाबदल न मोजतांही पांच पिशव्यांच्या १६ वांटण्या होतात, आणि ४१ पिशव्यांच्या एक लक्ष कोटींहून अधिक! म्हणून संगणकासही जवळची वाट शोधावी लागते.

पहिली वाट सर्वांच्या परिचयाची: सर्वांत जड पिशवी आधीं उचलावी व ज्याचें ओझें कमी त्यास द्यावी. येणेंप्रमाणें एकाकडे १७ व दुसऱ्याकडे १३ किलो येतात, अंतर ४.

दुसरी वाट नरेंद्र करमरकर व रिचर्ड कार्प यांनीं १९८२ सालीं दाखविली. करमरकर हे मुंबईच्या आय. आय. टी.चे १९७८ सालचे पदवीधर. दोन सर्वांत जड पिशव्या निरनिराळ्या भावांकडे जातील एवढेंच आधीं ठरवावें, आणि त्यांच्या जागीं त्यांची वजाबाकी मांडावी. ८ व ७ यांच्या जागीं १. ६ व ५ यांच्या जागीं १. पुढें ४ व १ यांच्या जागीं ३. शेवटीं ३ वजा १, म्हणजे २. ओझीं १६ व १४ झालीं.

मग दुसरी वाट जिंकली काय? घाई करूं नये. ८ व ७ एकास, ६, ५ व ४ दुसऱ्यास दिल्यास दोघांकडे १५ किलो येतात, अंतर शून्य! शिवाय ३, ३, २, २, २ हीं वजनें घेतल्यास दोन्ही वाटांनीं अंतर २ च येतें, आणि खरें उत्तर येथेंही शून्यच आहे.

यावरून परीक्षेचे नियम ध्यानीं येतात. सर्व रीतींस तींच उदाहरणें द्यावीं. तीं पुष्कळ व नानाविध असावीं, आवडत्या रीतीस सोयीचीं निवडूं नयेत. लागलेला वेळ एकाच संगणकावर मोजावा. आणि शक्य तेथें खरें उत्तर शेजारीं ठेवावें. अशा कसोटीस लावल्यास, सहजगत्या घेतलेल्या मोठ्या संख्यांच्या लांब याद्यांवर करमरकरांची रीत बहुधा पुष्कळच सरस ठरते.

दुसऱ्याहून सरस असणें म्हणजे बिनचूक असणें नव्हे. मुलांचा केवळ क्रमांक विचारणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं व पालकांनींही हें स्मरणांत ठेवावें.