रिकाम्या हातांचे दान

दातृत्व हा संपन्न माणसाचा गुण, अशी आपली नकळत समजूत झालेली असते. देणगीदारांची नावे आपण संगमरवरी पाटीवर वाचतो आणि रकमेवरून त्यांच्या मनाचा मोठेपणा ठरवतो. मग ज्याच्यापाशी देण्याजोगे काहीच नाही, त्याने काय द्यावे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जावयास नको. आपल्या नाशिकातून निघालेल्या एका मोर्चाचा अभ्यास त्यासाठी पुरेसा आहे.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सी.बी.एस. चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या भागांतील आदिवासी स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा होता. यांतील कित्येकजण पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आले. परंतु सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासींचा हक्क मान्य करण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्याने केली. प्रत्यक्षात बरेच दावे रखडले, बरेच फेटाळले गेले. कायद्याची अंमलबजावणी आणि कर्जमाफी या मोर्चाच्या प्रमुख मागण्या होत्या.

कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे असे सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला मोर्चा मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचला. उन्हाने डांबर तापलेले. कित्येकांच्या वहाणा झिजून गेलेल्या, तळपायांची सालपटे निघालेली. रात्री मुक्काम करून सकाळी पुढे जावयाचे, हे ओघानेच आले असते. पण दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. हजारोंचा मोर्चा सकाळी रस्त्यावर आला, तर मुले केंद्रावर वेळेवर कशी पोहोचणार? म्हणून मोर्चेकरी मध्यरात्रीनंतर उठले आणि अंधारातच चालत पहाटेपर्यंत आझाद मैदानावर जाऊन बसले. सकाळी मुलांना रस्ता मोकळा मिळाला.

या कृतीचे नीट पृथक्करण केले पाहिजे. मोर्चाचे बळ गर्दीत असते. वाहतूक ठप्प झाली, की सरकारला दखल घ्यावी लागते. म्हणजे या लोकांनी एका रात्रीची झोपच नव्हे, तर आपल्या हातातले दडपणाचे एक साधनही सोडून दिले. आणि तेही ज्यांना कधी पाहिले नाही अशा शहरातल्या मुलांसाठी. श्रीमंताचे दान बहुधा शिलकीतून होते. येथे शिल्लक नव्हतीच. जे दिले ते गरजेतून काढून दिले. दानाची किंमत दिलेल्या वस्तूवरून नव्हे, तर दिल्यानंतर देणाऱ्यापाशी काय उरते यावरून करावयाची असेल, तर या दानाला तोड सापडणे कठीण.

चांगुलपणा संसर्गजन्य असतो, हेही येथे दिसले. वाटेवरच्या वस्त्यांतून लोक पाणी, बिस्किटे, केळी घेऊन उभे राहिले. कोणी चपला आणून दिल्या. मुंबईच्या डबेवाल्यांनी जेवण पुरविले. तेही काही धनिक नव्हेत. पायपिटीवर पोट असणारी माणसे. पायांची किंमत त्यांना सांगावी लागली नाही.

मात्र येथे एक धोका आहे. गरिबाच्या मोठ्या मनाचे कौतुक करणे फार सोपे असते. त्या पहाटेचे गोडवे सर्वांनी गाईले. १२ मार्चला सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्याचे लेखी आश्वासनही दिले. तरीही अंमलबजावणीसाठी २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले. म्हणजे आपण त्यांचे औदार्य स्वीकारले. त्यांचा हक्क मात्र त्यांना पुन्हा मागावा लागला. जो मागावयास आला होता त्याच्याकडूनच आपण घेतले, आणि वर टाळ्या वाजवल्या!

परीक्षेच्या दिवशी रस्ता मोकळा असणे ही आपणा विद्यार्थ्यांना सहज मिळणारी गोष्ट वाटते. त्या एका सकाळी ती कोणीतरी रक्ताळलेल्या पायांनी मिळवून दिली होती. अशा दानाची परतफेड कौतुकाने होत नाही. आपल्यापैकी काहीजण उद्या तलाठी होतील, अधिकारी होतील, वकील होतील, पत्रकार होतील. एखादा वनहक्काचा दावा टेबलावर येईल, तेव्हा ती फाईल आपण किती दिवस पडून राहू देतो, यावरून ती रात्र आपल्याला कितपत समजली हे ठरेल.